सांबार, कोथिंबीर, धने : एका झाडाची कितीतरी नावं

नागपूरकर सीताबर्डीला नुसतं ‘बर्डी’ म्हणतात. बर्डीवर भाजी घेणारा माणूस ‘कोथिंबीर’ म्हणत नाही. ‘सांबार कसा दिला भाऊ?’ असं विचारतो आणि हिरवीगार जुडी पिशवीत टाकून पुढे जातो. पुण्याहून किंवा साताऱ्याहून नव्याने बदलून आलेल्या माणसाला पहिल्यांदा प्रश्न पडतो, की भाजीच्या गाडीवर सांबार कसा मिळेल? तो तर उडप्याकडे इडलीबरोबर वाटीत येतो. तेवढ्यात शेजारच्या हॉटेलाच्या पाटीवर ‘सांभारवडी’ दिसते आणि गोंधळ आणखी वाढतो. पाटीवर कधी ‘ब’ असतो, कधी ‘भ’. खाणाऱ्याला दोन्ही सारखेच.

विदर्भात, म्हणजे नागपूर, वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती, अकोला या सगळ्या पट्ट्यात, सांबार म्हणजे कोथिंबीर. शब्द पुल्लिंगी आहे: सांबार महागला, सांबार निवडला, सांबार पेरला. बी वाळलं की मात्र इथेही ते उरलेल्या महाराष्ट्रासारखं धनेच होतं. एकाच झाडाच्या पानाला एक नाव, फळाला दुसरं, आणि पानाच्या नावातही पश्चिम महाराष्ट्र वेगळा, विदर्भ वेगळा. हा प्रकार मराठीपुरताच आहे, की जगभर असंच चालतं? उत्तर शोधायला निघालं की इराक, इजिप्त, मेक्सिको, मॉरिशस असा मोठा फेरा होतो. फेऱ्याची सुरुवात बर्डीवरूनच करणं योग्य, कारण या झाडाची निम्मी भारतीय नावं इथे एका बाजारात ऐकू येतात.

त्यामागे इतिहास आहे. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, नंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची. विदर्भाचे आठ जिल्हे 1956 साली मुंबई राज्यात आले, तोवर इथल्या कचेऱ्यांत हिंदी आणि मराठी शेजारी-शेजारी नांदत होत्या. रेल्वे 1867 साली मुंबईकडून पोहोचली. पुढे 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने शहर पूर्वेला जोडलं, तशी बंगाली, तेलुगू, तमिळ कुटुंबं वस्तीला आली. गुजराती आणि मारवाडी व्यापारी होतेच. फाळणीनंतर सिंधी आले आणि जरीपटक्यात स्थिरावले. या सगळ्यांची खरेदीची जागा बर्डी. म्हणून इथे हिंदी बोलणारा ‘हरा धनिया’ मागतो, गुजराती आजी ‘कोथमीर’ म्हणते, बंगाली गृहिणी ‘धोनेपाता’, तेलुगू शेजारीण ‘कोत्तिमीर’, तमिळ ‘कोत्तमल्ली’. भाजीवाला प्रत्येकाला तीच जुडी देतो.

आधी सांबाराचं बघू, कारण कोडं तिथेच आहे.

संस्कृतात ‘संभार’ म्हणजे जमवलेली सामग्री. यज्ञाचा संभार, प्रवासाचा संभार. स्वयंपाकघरात शिरल्यावर हा शब्द पदार्थाला चव आणणाऱ्या सामग्रीला चिकटला, आणि मग पश्चिम व दक्षिण भारतात त्याने जागोजागी वेगवेगळी घरं केली. गुजरातीत लोणच्याच्या मसाल्याला ‘अथाणांनो संभार’ म्हणतात. कन्नडमध्ये मसाल्याच्या सगळ्याच जिनसा ‘सांबार पदार्थ’. केरळात आलं, मिरची, कढीपत्ता घातलेलं ताक म्हणजे ‘संभारम्’. तमिळनाडूत तूरडाळ आणि चिंचेची आमटी म्हणजे सांबार. या आमटीची एक गोष्ट महाराष्ट्रात फार आवडीने सांगितली जाते: तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात कोकम संपलं, चिंच घातली गेली आणि पाहुण्या संभाजीराजांच्या नावाने पदार्थाचं बारसं झालं. गोष्ट गोड आहे. पण तिला समकालीन कागदाचा आधार नाही, आणि गुजरातपासून केरळपर्यंत पसरलेला हा शब्दपरिवार पाहिला की त्या बारशाची गरजही उरत नाही. गुजराती लोणच्याचा मसाला आणि मलयाळी ताक यांना तंजावरच्या पंगतीशी काही देणंघेणं नाही.

या परिवारात विदर्भाने केलेली निवड सर्वांत वेगळी. मसाल्याचं सर्वसाधारण नाव त्याने एका हिरव्या पाल्याला देऊन टाकलं. वरवर हे विचित्र दिसतं, पण असं घडण्याची रीत जुनी आहे. रोजच्या रोज, प्रत्येक भाजीवर, प्रत्येक वरणात जी चीज पडते तिला घरात खास नावाची गरज भासत नाही. ‘चव आणणारं ते’ एवढं पुरतं. मुंबईत आजही भाजीवाल्याकडे ‘थोडा मसाला टाका’ म्हटलं की तो कोथिंबीर, मिरची, आलं, कढीपत्ता असा हिरवा ऐवज हातावर ठेवतो. चीनमध्ये हाच पाला ‘शियांगत्साय’ म्हणून ओळखला जातो, अर्थ ‘सुवासाची भाजी’. व्हिएतनामी ‘राऊ मुई’ म्हणजेही वासाची पालेभाजी. विदर्भातल्या बाईने सांबार म्हटलं तेव्हा तिने तेच केलं. जिच्यावाचून फोडणीचं समाधान होत नाही, त्या पाल्याला तिने अख्ख्या मसाल्याचं नाव दिलं. हा शब्द अशुद्ध नाही आणि उसनाही नाही, संस्कृत मुळाचा, चांगल्या घरचा मराठी शब्द आहे. वर्गात ‘सांबार’ म्हणणाऱ्या मुलाला ‘कोथिंबीर म्हण’ अशी दुरुस्ती करताना एवढं तरी ध्यानात असावं.

आता कोथिंबिरीकडे. या शब्दाचं वय ऐकून थक्क व्हायला होतं. संस्कृतात तिचं रूप ‘कुस्तुंबुरु’. पाणिनीने अष्टाध्यायीत (6.1.143) या एका शब्दासाठी स्वतंत्र सूत्र ठेवलं आहे, मधला ‘स्’ कुठून येतो आणि तो वनस्पतीच्या नावातच का येतो, हे सांगण्यासाठी. ज्या शब्दासाठी खास नियम करावा लागतो, तो शब्द भाषेच्या नेहमीच्या साच्यात बसत नव्हता, एवढं यावरून दिसतं. पुढे प्राकृतातल्या ‘कोत्थुंभरी’सारख्या रूपांतून मराठी कोथिंबीर, गुजराती कोथमीर आले. कन्नड कोत्तंबरी, तेलुगू कोत्तिमीर, तमिळ आणि सिंहली कोत्तमल्ली ही त्याच वळणाची नावं. समुद्र ओलांडून मलय भाषेत ते ‘केतुंबार’ झालं, जावानीजमध्ये नुसतं ‘तुंबार’.

आणि पश्चिमेला? मेसोपोटेमियाच्या मातीच्या विटांवर अक्कडियन भाषेत या झाडाचं नाव ‘किसिबिर्रु’ असं कोरलेलं आहे. अरबीत ते ‘कुझबरा’, आजच्या हिब्रूत ‘कुसबरा’. कुस्तुंबुरु आणि किसिबिर्रु यांच्यात अनेक भाषाविदांना नातं दिसतं. काहींना संस्कृत शब्दाचा उगम द्राविडी वाटतो. वाद मिटलेला नाही. झाड मात्र पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राकडचं, यावर बहुतेकांचं एकमत आहे. इस्राएलमधल्या नाहल हेमार गुहेत नवाश्मयुगातली धन्याची फळं सापडली, आणि इजिप्तच्या तुतनखामुनच्या थडग्यातून जवळजवळ अर्धा लिटर धने निघाले. हॉवर्ड कार्टरने 1922 साली उघडलेलं हेच ते थडगं. राजाला मरून तेव्हा तीन हजारांहून जास्त वर्षं झाली होती.

इथे महाराष्ट्रातल्या एका समाजाची आठवण येते. कुलाब्याकडच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या गावांत तेल गाळणारे बेने इस्राएल शतकानुशतकं मराठी बोलत आले. 1948 नंतर त्यांच्यातले बरेच जण इस्राएलला गेले. डिमोना, अश्दोद, लोद या गावांत त्यांची वस्ती झाली. घरात कोथिंबीर म्हणणारी ही कुटुंबं तिथल्या बाजारात कुसबरा मागू लागली. भाषाविदांचा अंदाज खरा असेल, तर त्यांनी शब्द बदललाच नाही. हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या दोन बहिणींपैकी एकीला सोडून दुसरीला हाक मारली.

‘धने’ हा शब्द त्या मानाने सरळ. संस्कृत ‘धान्यक’, ‘धान्याक’, म्हणजे लहानसं धान्य. अमरकोशात याच झाडाला चार नावं दिली आहेत: छत्रा, वितुन्नक, कुस्तुंबुरु, धान्याक. त्यातलं ‘छत्रा’ विशेष सुंदर आहे. धन्याचं फूल छत्रीच्या काड्यांसारखं उमलतं, आणि युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनीही जिरं, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर, धने या सगळ्या गोतावळ्याला छत्रीवरूनच ‘अंबेलिफेरी’ असं नाव दिलं होतं. दोघांनी एकमेकांचं न वाचता एकच गोष्ट पाहिली. लोकांनी मात्र धान्याक उचललं. हिंदी-पंजाबी धनिया, बंगाली धोने, ओडिया धनिआ, नेपाळी धनियाँ, सिंधी आणि गुजराती धाणा. महाराष्ट्रात धनत्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य दाखवतात, त्यात धन आणि धने यांचा ध्वनी जुळलेला आहेच.

आता मूळ प्रश्न. पानाला एक नाव आणि फळाला दुसरं, असं का?

भाषांची नावं शेजारी-शेजारी मांडली की एक घडी दिसू लागते. तेलुगूत पान कोत्तिमीर, पण फळ ‘धनियालु’. मराठीत कोथिंबीर किंवा सांबार, पण धने. गुजरातीत कोथमीर, पण धाणा. अमेरिकेत पान ‘सिलॅन्ट्रो’, फळ ‘कोरिएंडर’. सिलॅन्ट्रो हा शब्द मेक्सिकन स्वयंपाकघरातून आलेला स्पॅनिश, कोरिएंडर युरोपच्या जुन्या मसाल्याच्या व्यापारातून आलेला लॅटिन. दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे, तरी अमेरिकन बाजारात ते दोन वेगळ्या मालाचे झाले. रशियनमध्ये पान ‘किंझा’, जॉर्जियन शब्द. फळ ‘करियांद्र’, लॅटिन. जपानीत पोर्तुगिजांकडून आलेला ‘कोएंदोरो’ हा जुना शब्द आहे, पण ताज्या पानांची जुडी थाई नावाने, ‘पाकुची’ म्हणून विकली जाते. फिलिपिन्समध्ये पान ‘वान्सोय’, तो चिनी शब्द.

यातून हाती येतं ते असं: फळ वाळतं, पोत्यात भरलं जातं, वर्षभर टिकतं, हजार मैल जातं. त्याच्याबरोबर व्यापाऱ्याचा शब्द जातो. पान सकाळी खुडलं की संध्याकाळी मान टाकतं. ते गावच्या शिवारातून गावच्या चुलीपर्यंतच जाऊ शकतं, म्हणून त्याचं नाव गावचं राहतं. नागपुरातल्या इतवारी बाजाराच्या किराणा ओळीत धन्याची पोती येतात ती मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात अशा दूरच्या मुलखातून. कोटा जिल्ह्यातलं रामगंज मंडी तर धन्याचंच गाव म्हणून ओळखलं जातं. तिथपासून इथपर्यंत धनिया-धाणा-धने हा एकच शब्द चालतो, कारण सौदा करताना दोघांना एकमेकांचं कळायला हवं. सांबार मात्र नागपूरच्या आसपासच्या मळ्यांतून येतो, फार तर छिंदवाड्याकडून. सातपुड्याच्या पठारावर हिंदी शेतकऱ्याने ज्याला धनिया म्हणून गाडीत टाकलं, तो पाला नागपूरच्या बाजारात उतरताना सांबार होतो.

पानाचं नाव दूर जातं ते बहुतेकदा एकाच वाटेने: माणसं कायमची उठून जातात आणि नव्या मुलखात परसात बी टाकतात तेव्हा. मॉरिशसच्या क्रिओल भाषेत कोथिंबिरीला ‘कोतोमिली’ म्हणतात. उसाच्या मळ्यांवर गेलेल्या तमिळ-तेलुगू मजुरांनी नेलेला तो शब्द, आणि त्याच बेटावर एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशजही आज बाजारात तोच बोलतात. केनियात ताजी पानं ‘धनिया’ या नावाने मिळतात. रेल्वे बांधायला आणि दुकानं थाटायला गेलेल्या भारतीयांची ती खूण. त्रिनिदादमध्ये भोजपुरी मजुरांना रानात तशाच वासाची दुसरीच वनस्पती भेटली, तिला त्यांनी ‘बनधनिया’ म्हटलं.

हा नियम सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. हिंदी पानालाही धनिया म्हणते आणि फळालाही. फारसी ‘गश्नीझ’, अरबी कुझबरा, तमिळ कोत्तमल्ली, कन्नड कोत्तंबरी, सगळे एका शब्दात भागवतात, फार तर मागे ‘पान’ किंवा ‘बी’ लावतात. राजस्थान-माळव्यात शेतातच दोन्ही पिकतात म्हणून एक शब्द पुरला, असं म्हणावं तर गुजरातही धने पिकवतो आणि दोन शब्द राखतो. तरीही जिथे दोन शब्द आहेत तिथे फिरतं नाव फळाचं आणि स्थानिक किंवा शेजाऱ्याचं नाव पानाचं, ही विभागणी इतक्या ठिकाणी दिसते की ती योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

जिभेचाही यात हात असावा. पान आणि फळ एकाच झाडाची असली तरी त्यांचा वास एक नाही. पानात अल्डिहाइड वर्गातली संयुगं असतात, पिकलेल्या फळात लिनालूल मुख्य. अल्डिहाइडचा वास काहींना साबणासारखा येतो. वास ओळखणाऱ्या ‘ओआर6ए2’ या जनुकाशी त्याचा संबंध असल्याचं 2012 साली पुढे आलं. त्याच वर्षी कॅनडात झालेल्या एका पाहणीत पूर्व आशियाई वंशाच्या 21 टक्के तरुणांना हा पाला नकोसा वाटला, दक्षिण आशियाई वंशाच्या केवळ 7 टक्क्यांना. ग्रीकांनी तर ‘कोरियान्नोन’ या नावाचा संबंध ‘कोरिस’, म्हणजे ढेकणाशी जोडला. ही व्युत्पत्ती बहुधा मागाहून रचलेली असावी, कारण मायकेल व्हेंट्रिसने 1952 साली उलगडलेल्या लिनियर-बी या प्राचीन ग्रीक लिपीतल्या लेखांत ‘को-रि-या-दा-ना’ असं त्याहून कितीतरी जुनं रूप मिळतं. इटलीत साखरेत घोळवलेले धने जत्रेत उधळत, त्यांना ‘कोरियान्दोली’ म्हणत. पुढे धन्याच्या जागी रंगीत कागदाचे कपटे आले, शब्द तोच राहिला.

विदर्भात सांबाराचा खरा हंगाम थंडीचा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की झाड पानं धरण्याऐवजी लगेच फुलावर जातं, जुडी बारीक होते आणि भाव चढतो. पेरताना धने रगडून दोन फाकी करतात, कारण ज्याला आपण बी म्हणतो ते जोडफळ असतं आणि प्रत्येक फाकीत एक बी. थंडीत जुड्या स्वस्त झाल्या की घराघरांत सांबारवड्या होतात. ही कोथिंबीर वडी नव्हे. कोथिंबीर वडीत पाला बेसनात कालवून, उंडे वाफवून, कापून तळतात. सांबारवडीत भरपूर सांबार, खसखस, खोबरं, तिखट-मीठ यांचं सारण असतं, ते बेसन-कणकेच्या पारीत गुंडाळून तळतात. पुण्याकडे तिला ‘पुडाची वडी’ किंवा ‘नागपुरी वडी’ म्हणतात. शब्द वेगळा म्हणून पदार्थही वेगळा राहिला, ही या नावाची मोठी कमाई. पाटीवरचं ‘सांबारवडी’ पुसून कुणी ‘कोथिंबीर वडी’ लिहिलं तर गिऱ्हाइकापुढे दुसरीच बशी येईल.

तरी हा शब्द मागे सरतो आहे. मराठीची पाठ्यपुस्तकं, वृत्तपत्रांतली पाककृतींची सदरं, दूरचित्रवाणीवरचे स्वयंपाकाचे कार्यक्रम, घरपोच भाजीची अॅपं, सगळीकडे ‘कोथिंबीर’ किंवा ‘धनिया’. छापील मराठीचं वळण पुण्या-मुंबईकडचं राहिलं, त्यामुळे विदर्भातल्या मुलींनीही पुस्तकातून स्वयंपाक शिकताना आईचा शब्द बाजूला ठेवला. जुनी नोंदही अपुरी. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींचे नमुने आहेत, पण ते बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे. त्या गोष्टीत भाजीची टोपली येत नाही. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठी बोलींच्या प्रतिमांकनाचं काम हाती घेतलं, गावोगाव जाऊन रोजचे शब्द लोकांच्या तोंडून टिपले. हे काम फार मोलाचं आहे आणि ते स्वयंपाकघराच्या कानाकोपऱ्यापर्यंत पोहोचलं पाहिजे.

बर्डीवरच, झाशी राणी चौकात, 1923 साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाची वास्तू आहे. भाजीच्या गाड्यांपासून ती हाकेच्या अंतरावर. संघाने, विद्यापीठाच्या मराठी विभागाने आणि विदर्भातल्या शाळांनी मिळून मसाला, भाजी आणि भांड्यांच्या वैदर्भी शब्दांचा एक कोश करावा: शब्द, त्याचं लिंग, गाव, आणि तो वापरून बोललेलं एक वाक्य. विद्यार्थ्यांनी घरच्या आजी-आजोबांना विचारून आणलेल्या शब्दांपासून सुरुवात करता येईल. आणि ज्यांच्या घरी आजही सांबार म्हणतात, त्यांनी तो दुकानात, अॅपवर, पाककृतीत, शाळेच्या वहीत न संकोचता तसाच लिहावा.